सांजेसाठी राखलेलं जेवण

आबा,

तुमचं वजन उतरायला लागलं हे आधी मला नव्हे, सांगलीच्या पेठेतल्या हमालांना कळलं. तुम्ही हळदीच्या अडत दुकानात तोलार होता. मी दुपारी ताकाचा तांब्या घेऊन यायची तेव्हाचं दुकान अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. आढ्याला तो मोठा काटा टांगलेला आहे, साखळ्यांची दोन लाकडी पारडी खाली लोंबताहेत आणि एका पारड्यात तुम्ही मांडी घालून बसला आहात. हमाल दुसऱ्या पारड्यात वजनं चढवतात, मग त्यातलं एक काढून घेतात, आणि दोन्ही पारडी सरळ होतात. सगळे हसतात. "आवं पैलवान, आणखी उतरलासा की," असं कुणीतरी म्हणतं. तुम्ही मिशीला हात लावता आणि पारड्यातून उतरता. उतरताना साखळी धरता, पण पूर्वीसारखी घट्ट नाही.

आई गेल्यावर तुमचं कुस्ती धरणं संपलं. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. शरीर लाल मातीतलं होतं आणि दिवस काट्यापाशी बसून तोलण्याचे आले. चार वर्षांत तुम्ही असे फुगलात की जमिनीवरून उठताना भिंतीला हात लावावा लागे आणि नदीच्या घाटाच्या पायऱ्या तुम्हाला परक्या झाल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं की औषधाचा उपयोग नाही, अंगावरचं ओझं उतरवा, नाहीतर लवकरच खाटेला खिळाल. दिवसभरात किती खायचं ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. कधी खायचं ते काही सांगितलं नाही. ते तुम्ही ठरवलंत, मिरजेहून परत येताना टांग्यात, मला न विचारता.

सकाळी बिनसाखरेचा चहा. लढाईचे दिवस होते, साखर तशीही दुकानात मिळत नव्हती. दुपारी ताक, एखादी काकडी नाहीतर मुळा, फार तर मूठभर फुटाणे. बाकीचं सगळं सांजेला. दोन भाकरी, मटकीची उसळ किंवा मेथी, बुक्कीनं फोडलेला कांदा, वाटीभर दही. पहिल्या आठवड्यात तुमचा चेहरा बघवत नसे. मी म्हटलं, आबा, निम्मं दुपारी खा, निम्मं सांजेला खा, हिशेब तोच. तुम्ही चुलीपुढं पाटावर बसला होता. भाकरीचा पापुद्रा काढून वाफ जाऊ दिलीत, आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "दिसभर मानसं असत्यात, काम असतं. भूक इसरती. सांजंला भूक आन् एकटंपण एकदम आलं, तर मानूस मोडतो गं." आई गेल्यापासून तुम्ही तिच्याबद्दल एवढंच बोललात, आणि त्यातही तिचं नाव नव्हतं.

त्या जेवणाला तुम्हाला वेळ लागायचा. एकेक घास तुम्ही असा चावायचात की जणू दिवसभरानं कुणी भेटायला आलं आहे आणि त्याला लवकर उठू द्यायचं नाही. तुमचे शेठ जैन, दिवस मावळल्यावर पाणीही न घेणारे. त्यांनी तुम्हाला एकदा समजावलं की एकाच वेळी जेवायचं तर उजेड आहे तोवर जेवा, झोपेपर्यंत पचून जाईल. ते तुम्हाला पटलं. तेव्हापासून तुम्ही दिवेलागणीच्या आधी घरी येऊ लागलात. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तुमच्या ताटावर पडायचं आणि नखांतली, कानांच्या पाळ्यांवरची हळद जास्तच पिवळी दिसायची. मी समोर बसायची. आपण फारसं बोलत नसू. पण ती दिवसातली एकच वेळ होती जेव्हा त्या घरात दोन माणसं राहतात असं वाटायचं.

पेठेतलं हसणं कधी थांबलं ते मला नक्की सांगता येणार नाही. दुपारी हमाल फडकी सोडून भाकरी खायला बसले की तुम्हाला वास सोसत नसे, म्हणून तुम्ही उठून नदीवर जाऊन बसायचात. लोकांना दिसलं ते एवढंच की पैलवान कुणात बसत नाही, जेवत नाही, गालफडं बसली आहेत, सदरा अंगावर लोंबतो आहे. वर खोकला. हळदीच्या पेठेत कोण खोकत नाही, आबा? धुरळ्यानं सगळेच खोकत होते. पण आता तुमचा खोकला लोक कान देऊन ऐकायला लागले. काट्यावर बसायला तुम्हाला कुणी बोलावेना. मग एक दिवस दुकानातल्या माठाशेजारी तुमच्यासाठी वेगळा तांब्या आला. क्षय हा शब्द कुणी उच्चारला नाही. तुम्ही त्या सांजेला जेवता जेवता नुसतं सांगितलंत, की आज मला सवता तांब्या दिला. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? तुम्ही म्हणालात, "काय म्हननार? पानी प्यालो."

त्याच दिवसांत कुंडलच्या आत्यानं माझ्यासाठी साताऱ्याकडचं स्थळ आणलं होतं. मुलगा पलटणीत. त्याचा फोटो मी पाहिला होता. आत्यानं तो पदराआडून दाखवला आणि परत घेतला, तरी मला तो आवडला होता, हे आज सांगायला हरकत नाही. मुलाचे वडील आणि चुलते बघायला येतात. मी पुरणपोळ्या केल्या आहेत. आत्या दोन दिवस आधीपासून तुम्हाला बजावते आहे की त्या दिवशी पंगतीत पोटभर जेवायचं. तुम्ही हो म्हणाला आहात. पाहुणे बसतात, तुम्ही बसता. यजमानानं घास उचलल्याशिवाय पाहुणे उचलत नाहीत, म्हणून तुम्ही उचलता. एक घास, दुसरा घास. इतक्या दिवसांत दुपारचं अन्न पोटात न गेल्यानं तुम्हाला ते उतरत नाही, हे मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं.

चुलत्यांनी विचारलं, "पैलवान, उपास धरलाय काय?"

तुम्हाला हो म्हणता आलं असतं. एवढ्या एका शब्दानं सगळं निभावलं असतं. तुम्ही म्हणालात, "न्हाई. माझं जेवान सांजंला असतं. गुडघ्यापायी वजन उतरवाय लागलोय."

"मुद्दाम वजन कोन उतरवतंय व्हय?" ते हळूच म्हणाले. नेमकं त्याच वेळी तुम्हाला खोकला आला. चुलत्यांनी आपला पाण्याचा तांब्या उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. मुलाचे वडील सज्जन होते, त्यांनी ताटात काही टाकलं नाही. जाताना मला ओटीत नारळ दिला. पण दारातून बाहेर पडताना दोघांनीही तुमच्या-माझ्या घरातल्या हवेला पाठ केली असं मला वाटलं.

आठवड्यानं आत्या निरोप घेऊन आली. पोरगी चांगली आहे पण घरात दुखणं आहे, असं त्यांचं म्हणणं. मग ती तुमच्यासमोर बसली आणि तिनं पहिल्यांदाच तुम्हाला मोठ्या आवाजात सुनावलं, की असंच करत राहिलास तर या पोरीला कोणी उंबऱ्यात उभं करणार नाही. "दादा, चार म्हैनं गप दोन येळा खा. अंगावर मास येऊ दे. पोरीचं लगीन होऊ दे, मग काय उतरवायचं त्ये उतरव."  ती गेल्यावर तुम्ही गुडघ्यावर हात ठेवलात. मग मला म्हणालात, "उद्यापासनं दुपारचं बी वाढ मला."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठले तर तुम्ही अंगणात बसून दात घासत होता. चूळ भरलीत आणि उभे राहिलात. भिंतीला हात न लावता. तुमच्या ते ध्यानातही आलं नाही, माझ्या आलं. तांब्या उचलून आत गेलात.  दुपारी पेठेत आले ती रोजच्यासारखा ताकाचा तांब्या घेऊन. तुम्ही त्यावरचं फडकं उचललंत, आत बघितलंत, माझ्या दुसऱ्या हाताकडं बघितलंत.

"भाकरी?"

"सांजंला," मी म्हटलं.

 हमाल बघत होते, शेठ गादीवरून बघत होते. मग तुम्ही तांब्या तोंडाला लावलात आणि सगळं ताक एका दमात प्यालात.

 काही दिवसांनी तुम्ही शेठकडून चौकशी करून आलात, की साताऱ्याला मुलींना मास्तरकीचं शिक्षण देतात. मी सातवीची फायनल परीक्षा पास झालेली होते. मी विचारलं, तुमच्या जेवणाचं काय? तुम्हाला राग आला. तालमीत असताना भाकऱ्या कोण थापत होतं, असं तुम्ही विचारलंत. मला थापण्याची काळजी नव्हती. खाताना समोर कोण बसणार याची होती.  जायच्या दिवशी माझी ट्रंक तुम्ही खांद्यावर घेतलीत आणि घरापासून मोटार स्टँडपर्यंत कुठंही न टेकता चालत आलात. दोन वर्षांपूर्वी हे तुम्हाला जमलं नसतं. मोटार हलली तेव्हा तुम्ही हात केला नाहीत. वळलात आणि चालायला लागलात. मी तुमचे गुडघेच बघत होते.

साताऱ्याच्या वसतिगृहात जेवणाची घंटा संध्याकाळी व्हायची. अजिंक्यताऱ्यामागं ऊन जात असायचं, मुली गलका करत बसायच्या, आणि मला घास उतरायचा नाही. दिवाळीला घरी आले तेव्हा शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुजा बा दार सताड उघडं टाकून जेवतो गं. रस्त्याकडं तोंड करून. कुणी जातंय येतंय तेवढं बघत बसतो." तुम्ही मला हे कळू दिलं नव्हतं. मी असताना दार लोटून जेवलात. दुकानातला सवता तांब्या मात्र तोवर नाहीसा झाला होता. दोन पावसाळे गेले, तुम्ही मेला नाहीत, उलट पोत्याला हात लावायला लागलात, तेव्हा लोकांनी बोलणं सोडून दिलं. कुणी चुकलं म्हणालं नाही. एक दिवस कुणीतरी माठातलं पाणी तुम्हाला आपल्याच तांब्यातून दिलं, बस.

तोवर स्थळांचे दिवस निघून गेले होते असं नाही. एक-दोन आली. मी वाईच्या शाळेत लागले होते आणि मला नको म्हणायला जमू लागलं होतं. तुम्ही जबरदस्ती केली नाहीत.

तुम्ही गेलात ते दुकानात. काट्याशेजारी पोत्याला टेकून बसलात आणि उठलाच नाहीत. मी वाईहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. लोक मला येऊन सांगत होते की त्रास झाला नाही, क्षणात गेले, भाग्याचं मरण. मी फक्त वेळ विचारली. दुपार, म्हणाले. म्हणजे त्या दिवशी तुमच्या पोटात ताकापलीकडं काही नव्हतं. स्वयंपाकघरात गेले तर खुंटीला फडक्यात बांधलेली मटकी होती. तुम्ही सांजेसाठी मोड आणायला ठेवलेली. मोड फडक्यातून बाहेर आले होते. मला ती टाकवेना आणि शिजवताही येईना. शेवटी आत्यानं माझ्या हातातून घेऊन म्हशीपुढं ठेवली.

आता मी तुमच्यापेक्षा पुष्कळ मोठी आहे, आबा. साताऱ्यात दोन खोल्यांत राहते. माझेही गुडघे गेले आहेत आणि इथल्या डॉक्टरीणबाई कॅलरी नावाचा शब्द वापरून तुमच्या मिरजेच्या डॉक्टरांचंच सांगतात. मी त्यांना म्हटलं, दिवसाचं सगळं राखून मी सांजेला जेवेन, आमच्या घरात तशी पद्धत होती. त्यांना ते आवडलं. दर महिन्याला त्या विचारतात आणि मी हो म्हणते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मी दुपारीच जेवून घेते. सांजेपर्यंत राखून ठेवायचा माझा धीर होत नाही. मग ऊन खाली आलं की पुन्हा भूक लागते, आणि तेव्हा मी उठून दार उघडते.