रोज पंधरा मिनिटं आधी

१ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाट जिन्यात अडकवलं, हे काही वर जात नाही म्हणून हात झटकले, आणि मी नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिले तर दहा मिनिटांत तेच कपाट वर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधे लांबट बोळ. बोळाच्या टोकाला तिसरी खोली आहे, तिला कुलूप. खाली घरमालकीण काकू राहतात. त्या म्हणाल्या, तिथे त्यांच्या भावाचं सामान आहे, तेवढी सोडून सगळं घर तुमचं. ठमीने प्रत्येक खोलीत उड्या मारून जमीन तपासली आणि घर पास केलं. माझ्या पायांचे तुकडे पडलेत, पण मन किती दिवसांनी हलकं आहे. नवरा कुठे असतो, असं इथे अजून कुणी विचारलं नाही.

३ नोव्हेंबर

नोकरी सुरू. हॉस्पिटलमधल्या नर्सांच्या पाळ्यांचे तक्ते लावायचे. काम माझ्या हातचं आहे. कुणाला रात्रपाळीवरून एकदम दिवसावर आणलं की ती आठवडाभर चिडचिडते आणि मग आजारी पडते, हळूहळू सरकवावं लागतं, हे मी मेट्रनबाईंना पहिल्याच दिवशी ऐकवलं. खूश झाल्या असाव्यात, चेहऱ्यावरून कळत नाही.

घोडं अडलंय ते चार ते सहा. ठमी चारला शाळेतून येते, मी सहाला. आठ वर्षांची पोर, गळ्यात किल्ली. आज म्हणाली, आई, घर फार गप्प असतं गं. पण करू काय?

६ नोव्हेंबर

सोबत म्हणून हॅमस्टर आणला. ठमीने नाव ठेवलं बटाटा, आणि तो दिसतोही तसाच. पण दुकानदाराने पिंजरा हातात दिल्यावर सांगितलं की हा रात्रीचा गडी! दिवसभर भुशात मुटकुळं करून पडतो. रात्री दहाला उठतो आणि चाकावर जो धावत सुटतो तो पहाटेपर्यंत. ठमी तेव्हा गाढ झोपलेली. ज्याच्यासाठी आणला ते राहिलं बाजूला, माझी मात्र झोप गेली.

८ नोव्हेंबर

ठरवलं. बटाट्याची पाळी बदलायची. पिंजरा बोळात, त्या कुलूपबंद दाराला टेकवून ठेवला. बोळाला जाड पडदा लावला. रोज पंधरा मिनिटं आधी पडदा ओढून काळोख करायचा आणि तेव्हाच खाणं ठेवायचं. पहाटे तितकंच आधी दिवा लावून त्याला झोपवायचं. बोळ सगळा अंधारतो, पण त्याला इलाज नाही. आज पावणेदहा. महिनाअखेर चारवर येईल. तक्ता करून फ्रिजवर चिकटवला.

११ नोव्हेंबर

नऊ वाजता उठला, शहाणा. पहाटे दिव्यासाठी उठून उठून माझेच डोळे चुरचुरतात. चाक सुरू झालं तेव्हाच भिंतीपलीकडे कुणाची तरी खाट करकरली, जड माणूस उठून बसल्यासारखी. शेजाऱ्याला चाकाचा त्रास होत असणार. एकदा जाऊन माफी मागायला हवी.

१५ नोव्हेंबर

आठ. आज तक्त्यात तीन चुका केल्या, मेट्रनबाईंनी लाल पेनाने गोल केले. शेजाऱ्याची खाट बरोबर आठला वाजली.

१९ नोव्हेंबर

सात. खाटही सातला. त्या शेजाऱ्याचीही पाळी कुणी सरकवतंय की काय? एकटीच हसले. हसायलाही दम लागतो हल्ली.

२३ नोव्हेंबर

सहा. उद्यापासून मी कामावरून यायच्या आत त्याची वेळ होणार. पडदा आणि खाणं ठमी बघेल. तिने छाती पुढे काढून जबाबदारी घेतली. मलाच भरून आलं. निदान काहीतरी धड जमतंय माझ्याकडून.

२६ नोव्हेंबर

सुट्टी. घरी होते म्हणून सव्वापाचला पडदा मीच ओढला. बटाटा उठेना. भुशातून काढून हातात घेतला, तर ऊब होती, पण थरथरत होता, डोळे मिटूनच. त्याला तसाच हातात धरून उभी होते आणि चाक फिरायला लागलं.

रिकामं चाक. पिंजरा बंद. एका लयीत फिरत होतं, जसं कुणी बोटाने फिरवावं.

मग दारामागे खाट करकरली.

झोप नाही म्हणून असं होतं, असं स्वतःला तीनदा सांगितलं. पिंजरा उचलून स्वयंपाकघरात नेला. त्या कुलूपबंद दाराच्या उंबरठ्यावर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं होती. सोलून एकावर एक नीट रचलेली.

२८ नोव्हेंबर

ठमी हल्ली घर गप्प असतं म्हणत नाही. मी येते तेव्हा अभ्यास झालेला असतो. वहीत गणितांपुढे पेन्सिलीच्या बारीक बरोबरच्या खुणा आहेत. बाईंनी केल्या का विचारलं, तर खांदे उडवले. पिंजरा पुन्हा बोळात होता. तिथेच बरा असतो म्हणाली. मी जास्त खोदून विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

३० नोव्हेंबर

त्या भिंतीपलीकडे घर नाही. आज रस्त्यावरून वर पाहिलं. नुसती कोरी भिंत आणि खाली मोकळी जागा. शेजारी कुणी नाहीच.

तशीच काकूंकडे गेले. आधी टाळत होत्या. मग सांगितलं. भाऊ कारखान्यावर रात्रीचा राखणदार होता, जन्मभर. दिवसा त्या खोलीत झोपायचा, रात्री दहाला उठायचा. लेक शाळेतून यायची तेव्हा हा घोरत पडलेला. तिचं बोलणं, तिचा अभ्यास, काही म्हणता काही पाहिलं नाही त्याने. शेवटी बायको पोरीला घेऊन गेली. दोन वर्षांपूर्वी तो त्याच खाटेवर गेला. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

काकू म्हणाल्या, "अहो, तो रात्री दहाला उठतो नि उजाडायच्या आत निजतो. तेव्हा तुम्ही झोपलेल्या. तुम्हाला त्याचा काय त्रास?"

मी चारवर आणलाय त्याला. मीच. रोज अंधार केला, रोज दारात खाणं ठेवलं.

१ डिसेंबर

पडदा उपटून काढला. बोळात दिवा चोवीस तास. शाळेत बाईंच्या हातापाया पडले, ठमी सहापर्यंत तिथेच बसेल. पिंजरा घेऊन हॉस्पिटलात आले. बटाटा दुपारी गेला. मुठीएवढा जीव, भीतीनेच गेला असावा. ठमीला अजून सांगितलं नाही.

२ डिसेंबर

सहाला घरी आलो. दिवा बंद. पडदा परत लावलेला. तोच, नीट चुण्या करून.

ठमीला सरळ विचारलं. म्हणाली, आजोबा येतात, गणितं शिकवतात. तुला सांगू नको म्हणाले, तू आधीच दमलेली असतेस. रागवावं की रडावं कळेना. आजोबांबरोबर कुठे जायचं नाही, अशी शपथ घातली तिला. तिने मान हलवली.

रात्री घर अगदी शांत. तो झोपलेला असतो आता. आम्हीही झोपलो, लाज वाटते लिहायला, पण मेल्यासारखी झोपले मी.

३ डिसेंबर

दुसरं घर मिळालं, परवा ताबा. रजा नाही, मेट्रनबाई ऐकत नाहीत. दोनच दिवस. दिवसा आम्ही दोघी बाहेर. तो काही घराबाहेर येत नाही. रात्रपाळीवर परत ढकलता येईल का, याचाही विचार केला. पण एकदा दिवसाला रुळलेलं माणूस परत रात्रीला जात नाही. मला माहीत आहे. माझं कामच ते.

४ डिसेंबर

बसमध्ये आहे. दुसरं काही हातात नाही म्हणून लिहितेय.

सव्वाचारला शाळेत फोन केला, सहज, जिवाला चैन नव्हती म्हणून. बाई म्हणाल्या, ठमी गेली की. बरोबर चारला आजोबा आले होते न्यायला. आधी ती नको म्हणत होती. ते खाली बसले, तिच्या बुटाची नाडी बांधली, काहीतरी बोलले, मग तीच हात धरून निघाली. आमच्या घरचेच आहेत म्हणाली.

काकू फोन उचलत नाहीत —

सिग्नल. अजून तीन स्टॉप. उतरून धावू का —

घरचा फोन लागला. ठमीच. आवाज किती खुशीत. मी म्हटलं, बाहेर पड, आत्ता, चप्पल घालू नकोस, तशीच जिना उतर. ती ऐकेचना. म्हणाली, "आई, तू धावतपळत येऊ नकोस गं. मी आता एकटी नसते."

मग फोन कुणीतरी तिच्या हातातून अलगद घेतला. श्वास ऐकू येतोय. जड. तो म्हणतोय की बाई, तुम्ही दमलात, तुम्ही आता निजा, पोरीचं मी —