वही सुरक्षित आहे

६ मे
मोठ्या कामाची नोंद राहावी म्हणून रोजनिशी. ग्रंथपाल म्हणून कॉलेजची डिजिटल रिपॉझिटरी मी उभी करणार आणि पहिलाच ठेवा हाती आला. मांडवीच्या सगुणाआजींची वही. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्यांचे वडील आनंदा तांडेल घरी बसून लिहायचे. सगळं मोडीत. आजी सहा वर्षांच्या असताना ते समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. घरात मोडी कुणाला वाचता येत नाही. मला येते. दहा दिवसांचा वर्ग केलाय, सर्टिफिकेट केबिनमध्ये आहे.
आजी म्हणाल्या, बाबानं माज्याविषयी काय लिवलंन हाय काय, येवढाच वाचून सांगा. म्हटलं, आठ दिवसांत.

७ मे
वहीवर काजळी. इतकी वर्षं चुलीवरच्या फळीवर होती म्हणे. आजींनी बजावलंय, धूर लागूदे तिला, नायतर पावसात जायल. मनात हसलो. आपल्या लोकांना जतनाचं शास्त्रच माहीत नाही. ओल्या फडक्याने काजळी पुसली. पुठ्ठ्याचा मोबाइलवर फोटो. मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टी, स्टीलचं कपाट. किल्ली माझ्याकडे.

१५ मे
वाचायला बसणार होतो, पण आधी लोगो. होडी हवी की पुस्तक? प्राचार्य म्हणाले, दोन्ही.

३ जून
आजींची नात योगिनी, आमच्याच टी.वाय.ला, विचारून गेली. तिला सांगितलं, वारसा घाईत जतन होत नाही. वाक्य चांगलं जमलं. उद्घाटनाच्या भाषणात घ्यावं.

१८ जून
स्कॅनर आला. वायर भिंतीपर्यंत पोचत नाही. अर्ज केला.

२७ जून
वायर आली. पण वॉटरमार्क ठरल्याशिवाय स्कॅन करणं धोक्याचं, कुणीही चोरेल. तोवर मोडीची उजळणी. उद्यापासून, पहाटे पाच.

२८ जून
साडेसातला जाग आली.

९ जुलै
आजी स्वतः आल्या, भर पावसात, योगिनीचा हात धरून. वही नुसती बघायची म्हणाल्या. सील तोडणं नियमात बसत नाही, असं समजावलं. नियम मीच केलेत. जाताना कपाटापाशी थांबून म्हणाल्या, कुबट वास येताय. म्हटलं, जुन्या कागदाला येतोच. वही सुरक्षित आहे.

१ ऑगस्ट
उद्घाटन पंधराला. पुठ्ठ्याचा फोटो अपलोड केला. खाली लिहिलं, संपूर्ण वही लवकरच. आजींना पहिल्या रांगेचं आमंत्रण. दोन दिवस आधी बसून सगळं स्कॅन करीन. शंभर पानं, एका दुपारचं काम.

१३ ऑगस्ट, दुपारी
कपाट उघडलं. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब. पानं चिकटून एक वडी झालीय, वर हिरवी-काळी बुरशी. सोडवायला गेलो तर पान हातात लगदा होऊन आलं. पिशवी नीट असती तर असं झालं नसतं. पिशव्यांचा दर्जाच राहिलेला नाही.
जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला.

१५ ऑगस्ट
उद्घाटन झालं. पडद्यावर वहीचा पुठ्ठा. घाईचं वाक्य घेतलं, टाळ्या पडल्या. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या.
नंतर केबिनमध्ये आजींना आणि योगिनीला सांगितलं, दमट हवेमुळे थोडं नुकसान झालंय. मग वही दाखवावीच लागली. आजींनी तिला हात लावला नाही. योगिनी रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही. म्हणाली, सर, तुम्ही मे महिन्यात वाचली असेल ना, आठवतंय तेवढं सांगा, मी लिहून घेते. पेन काढून बसली.
मी एक पानही वाचलं नव्हतं. तसं सांगता आलं असतं. मी म्हटलं, वाऱ्यांबद्दल आहे, मासळीबद्दल आहे.
आजींनी विचारलं, आनि मी?
म्हटलं, आहे ना. सगुणा माझी लाडकी, असं दोन-तीनदा आहे.
आजी म्हणाल्या, बाबा मला सगुणा म्हनून कदी हाक मारी नसे. काय म्हनायचा ता मीच इसारलंय. तेवडाच हवा होता.
योगिनीने पेनाला टोपण लावलं.