नखांची गोळी आणि वर्षाचा मसाला

मढ, मालाड (पश्चिम)
बुधवार, बाजाराहून आल्यावर

आदरणीय मंजुळाबाई यांस,

शेवंतीचा हात जोडून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? अर्नाळ्याचं पाणी मानवलं का? लेक-जावई, नातवंडं सगळी बरी असतील, असावीत. (बाई आणि तुम्ही म्हटलं म्हणून फुगून बसू नकोस. पत्राची सुरुवात अशी करायची असते एवढं मला शाळेत शिकवलं होतं. पुढचं शिकवायच्या आत आवशीने डोक्यावर मासळीची टोपली दिली.) फोनच केला असता, पण तू बाजारातली माझ्या शेजारची जागा सोडून लेकीकडे गेलीस तेव्हापासून मीही फोन केला नाही आणि तूही नाहीस, त्यामुळे आता पहिला फोन ज्याचा तो हरला असं होऊन बसलंय. पत्राचं तसं नसतं. आपला टेम्पोवाला भाऊ तुमच्याकडून पहाटे म्हावरं आणतो आणि रिकामे क्रेट घेऊन परत जातो, त्याच्याकडे हे पत्र आणि एक बरणी दिली आहे. बरणी पत्र वाचून संपेपर्यंत उघडायची नाही. तू आधी बरणी उघडशील हे मला माहीत आहे, म्हणून झाकणाला चिकटपट्टीचे चार वेढे घातलेत.

आता माझी तब्येत. माझी नखं आठवतात ना तुला? उजव्या हाताची, अंगठा आणि शेजारची दोन. पिवळी पडून जाड झाली होती आणि कडेने सुटायला लागली होती. तू गेल्यावर ती आणखी बिघडली. (तुझ्या जाण्याचा आणि नखांचा संबंध नाही, पण त्याच सुमारास बिघडली एवढं खरं.) गिऱ्हाईक हल्ली फार स्वच्छतेचं झालंय. पापलेटाच्या कल्ल्याकडे बघायचं सोडून माझ्या बोटांकडे बघतं. शेवटी लेकीने, पूर्वीने, मला ओढत स्टेशनजवळच्या देवदत्त डॉक्टरांकडे नेलं. चामडीचे डॉक्टर, वयाने लहान, बोलायला मऊ. म्हणाले नखांना बुरशी लागली आहे, हात सतत पाण्यात आणि बर्फात असल्यामुळे. तर आता हात कोरडे ठेवा. मी विचारलं, बोंबील पण कोरड्या हाताने साफ करू का. ते हसले आणि रबरी हातमोजे घाला म्हणाले. मी दोन दिवस हातमोजे घालून बसले तर गिऱ्हाइकांना वाटलं माशातच काहीतरी आहे म्हणून बाईने हातमोजे घातलेत, आणि सगळी माणसं पलीकडच्या पाटीवर गेली. हातमोजे सोडले. गोळी मात्र सोडली नाही. रक्त तपासून रोज एक गोळी दिली होती, ती जेवल्यावर न चुकता. माझा घरधनी धर्मा होता तेव्हा त्याच्या प्रेशरच्या गोळ्या मी अशाच घड्याळ लावून देत असे आणि तो तोंडात ठेवून खिडकीतून थुंकत असे, हे तो गेल्यावर खिडकीखालची जागा झाडताना कळलं. मी तशी नाही. मी गिळते.

महिना-सव्वा महिना झाला असेल, जगातल्या सगळ्या वस्तू एकदम बिघडल्या. आधी मीठ बिघडलं. कालवणात नेहमीएवढं घालावं तर काहीच लागेना. मी वाण्याकडे जाऊन त्याला सुनावलं की तुझ्या मिठात हल्ली दम नाही. मग दूध बिघडलं, दूधवाल्याला सुनावलं. मग चहाची साखर. बाजारातल्या चहावाल्याने माझ्या कपात इतकी साखर घातली की चमचा उभा राहिला, तरी मी म्हटलं फिका आहे, तेव्हा त्याने साखरेचा डबाच माझ्यापुढे ठेवला. मग आंबा. मंजुळा, या वर्षी मी आंबा खाल्ला आणि मला वाटलं ओला कापूस खाल्ला. तरी मला शंका आली नाही. का, तर तिखट लागत होतं. मिरची तोंडाला नेहमीसारखी झोंबत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हटलं, माझी जीभ जागेवर आहे, बाकी दुनियेचीच वाट लागली आहे. दुनियेवर माझा विश्वास तसाही कमीच.

आणि नेमका याच दिवसांत मसाला करायचा होता. तुला सांगायला नको, पण या वर्षीचा मसाला नुसता वर्षाचा नव्हता. पूर्वीचं लग्न ठरलंय, या महिन्याच्या शेवटाला, वेसाव्याच्या घरात. (पत्रिका तुला पाठवली होती. मिळाली नसेल तर मिळाली नाही असं सांग, मिळाली असेल तर काही बोलू नकोस.) आमच्याकडे लेक सासरी निघते तेव्हा आईच्या हातचा वर्षाचा मसाला तिच्याबरोबर जातो. वर्षभर सासरच्या चुलीवर त्याचं कालवण शिजतं आणि तेवढं वर्षभर सासरचे आईला जोखतात. माझ्या आवशीच्या मसाल्याला सासूबाईंनी अख्खं वर्ष नाव ठेवलं नाही, नंतर मात्र कशालाही ठेवलं. तर मी बेडगी मिरची आणली, संकेश्वरी आणली, गच्चीवर वाळवली, धणे-तीळ-खसखस-दगडफूल सगळं हाताने भाजलं आणि डंकावर कुटून आणलं. मग घरी परातीत मीठ-हिंग मिसळायला बसले. चिमूट जिभेवर ठेवली. झोंबलं, पण मीठ नाही. मूठभर घातलं. पुन्हा चिमूट. मीठ नाही. पुन्हा मूठ. किती मुठी गेल्या ते विचारू नकोस. शेवटी मी हिंगावर संशय घेतला आणि तोही दुप्पट घातला. बरण्या भरल्या, फडकी बांधली, सगळ्या नातेवाइकांच्या घरी पोचवल्या, आणि सगळ्यांत मोठी बरणी पूर्वीसाठी देवघराखाली ठेवली.

आणि काय कौतुक झालं म्हणून सांगू. गोरेगावची नणंद सुहासिनी फोन करून म्हणाली, झकास झालाय वहिनी, असा मसाला होणे नाही. (हे तिचं खरं होतं.) आमचा पोरगा राजेश रोज मान खाली घालून जेवायचा आणि तांब्या-तांब्या पाणी प्यायचा. मला वाटलं उन्हाळा आहे. पूर्वी म्हणाली, छान आहे आई. एकानेही, मंजुळा, एकानेही तोंड वाकडं केलं नाही. मी इतकी खूश झाले की एक छोटी बरणी देवदत्त डॉक्टरांनाही दिली, नखं सुधारत होती म्हणून.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी नखं बघितलीच नाहीत. आधी विचारलं, मावशी, हल्ली जेवणाची चव कशी लागते? मी म्हटलं, दुनियेत चव उरलीच कुठे आहे, आणि मीठ, दूध, साखर, आंबा सगळी कहाणी सांगितली. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, मी तुमचा मसाला खाल्ला. माझी जीभ न बघता, नुसता मसाला खाऊन त्या माणसाने रोग ओळखला. ही गोळी थोड्या जणांची चव घालवते म्हणे. तिखट मात्र कळतं, कारण तिखट ही चव नव्हेच, ती नुसती आग असते, चव गेली तरी आग राहते. (मला सासूबाईंची आठवण आली, पण बोलले नाही.) मी चिडून म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चवीत फरक पडला तर लगेच या. पण तेव्हा तुम्ही मला हलवा आणि सारंगा या माशांतला फरक समजावत होता. खरं आहे. त्यांना हलवा सारंगा म्हणून विकला होता कोणीतरी, मला राहवलं नाही. गोळी त्यांनी लगेच बंद केली. चव परत येते म्हणाले, बहुतेकांची येते, पण काही आठवडे लागतील, कोणाला काही महिने. लग्नाच्या आत येईल का, तर ते सांगता येत नाही म्हणाले.

मला जिभेचं वाईट वाटलं, नाही असं नाही. जन्मभर मासे विकले आणि खाल्ले ते चवीसाठी. आता घास तोंडात घालते तेव्हा त्यात काटा आहे की नाही एवढंच कळतं. पण घरी येताना बसमध्ये मला जिभेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने धरलं. घरोघरी बरण्या गेल्या, मग सगळे गप्प का? आल्या आल्या मी राजेशच्या समोर उभी राहिले. त्याची नजर तांदळाच्या डब्याकडे गेली, तेव्हा मी त्यात हात घातला (आई आहे मी, पोरं कुठे काय लपवतात ते मला माहीत असतं) आणि आतून दुकानातल्या मसाल्याची पाकिटं निघाली. अर्धी वापरलेली. माझ्या घरात, मंजुळा. सुहासिनीला फोन लावला तर तिने कबूल केलं की ती मसाला चाळणीने चाळून बघत होती, मीठ वेगळं होतंय का म्हणून. मी पूर्वीला विचारलं की तू तरी, तुझ्या सासरी जाणार होती ती बरणी, तू तरी का नाही बोललीस. ती बरणीकडे बघत म्हणाली, "आई, तुला सांगणार कोण?"

तिने ते रागाने म्हटलं असतं तर मी दोन शब्द ऐकवले असते. ती तसं म्हणालीच नाही. साधं विचारलं, जसं काही उत्तर मला माहीत असेल. आणि मला माहीत होतं. ती पोरगी खारट मसाला घेऊन परक्या घरी जायला तयार होती, तिथे वर्षभर बोलणी खायला तयार होती, पण मला सांगायला तयार नव्हती. मला फार वाईट वाटलं, मंजुळा. गोळीने जीभ गेली ती परत येणार आहे. पण माझ्या जिभेने माझ्याच माणसांची तोंडं कधी बंद केली, ते मला कळलं नाही, आणि ते कुठला डॉक्टर मसाला खाऊन सांगणारही नव्हता.

तेव्हा तुझी आठवण झाली. धर्मा गेल्यावर मी पहिल्यांदा बाजारात येऊन बसले होते, तो दिवस. सगळ्या जणी माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या. दुपारी मी डबा उघडला, तू न विचारता त्यात बोट घातलंस, चाटलंस आणि म्हणालीस, "अळणी हाय गो. रडून झालं असंल तर मीठ घाल." मी त्या दिवशी तुला मनात फार शिव्या दिल्या. मग मीठ घातलं आणि जेवले. त्या दिवसांत मी पोटभर जेवले ते तेवढंच. तू गेलीस तेव्हा मी तुला सोडायला नाक्यावर आले नाही, कारण आले असते तर तू म्हणाली असतीस की शेवंती, रडतेस, आणि ते खरं असतं.

तर असं आहे सगळं. बाकी सर्व ठीक. लहानांना आशीर्वाद, जावईबापूंना माझा राम राम, गुडघ्यांना तेल लाव.

तुझी शेजारीण (अजून जागा कोणाला दिलेली नाही),
शेवंती

ता.क. बरणीत तोच मसाला आहे. पुरावा म्हणून पाठवला आहे, कालवणात घालायला नाही. जिभेवर कणभर ठेव, आणि ठेवण्याआधी पाण्याचा तांब्या जवळ घे. नातवंडांच्या हाताला लागू देऊ नकोस.

ता.क. (दुसरं) आता पत्राचं खरं काम. मिरच्या पुन्हा वाळत घातल्यात, येत्या रविवारी डंकावर जायचं आहे. परातीपाशी बसून चव बघायला कोणीतरी हवं. आमच्या घरातल्यांचा भरवसा नाही, मी रेती मिसळली तरी झकास म्हणतील. भाऊ शनिवारी पहाटे म्हावरं घेऊन तिकडून निघेल, त्याला पुढची सीट तुझ्यासाठी ठेवायला सांगितली आहे. पूर्वीच्या बरणीचा प्रश्न आहे. माझ्यासाठी येऊ नकोस हवं तर, तिच्यासाठी ये.

ता.क. (तिसरं) नखं मात्र फार सुंदर झालीत. कोणी बघत नाही.

ता.क. (शेवटचं, भाऊ खाली हॉर्न वाजवतोय) आत्ता मांदेलीचं कालवण केलं होतं. पूर्वीने पहिला घास घेतला, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, खारट आहे." राजेशने मान आणखी खाली घातली. मी डाव खाली ठेवला आणि विचारलं, किती. ती म्हणाली, बरंच. मग मी त्यात पाणी घालून उकळी आणली आणि आम्ही तिघं जेवलो. म्हणजे चव सांगायला घरात माणूस झालं, मंजुळा, आता तसं तुझं काही काम उरलं नाही. तरी तू ये.