कानाच्या पाळीचा चिमटा

प्रिय माय,
सप्रेम जय भीम.

आमच्या यंत्राच्या पेटंटचा अर्ज काल गेला. सुई न टोचता, नुसत्या उजेडानं अंगात रक्त किती ते त्यात कळतं. आधी त्याचा चिमटा बोटाला लावायचो. पण कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांना घट्टे, आकडा दर वेळी चुकायचा. सगळे यंत्राला दोष देत होते, मला तुझी बोटं आठवली. म्हणलं, कानाच्या पाळीला लावून बघू. जमलं!

मी इथं बरी आहे. बापूंचा गुडघा कसा आहे?

वेचणीत तुला चक्कर आली म्हणं. शेजारच्या संध्यानं सांगितलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणू नको. रविवारच्या एसटीनं ये. कानातलं घरीच काढून ठेव.

तुझ्या कानाची वाट बघणारी,
प्रांजली