या आठवड्यात लायन्स जिंकणार

शुक्रवार, २१ नोव्हेंबर २००८. नोव्हाय, डेट्रॉइटजवळ.

आज करिअरला वळण लागलं. नोंद करून ठेवतो, पुढे इंटरव्ह्यूत सांगायला बरं.

कॉफी मशीनपाशी डग भेटला. डग म्हणजे आमचा मॅनेजर. सध्या ऑफिसात लेऑफचं वारं आहे. गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांचे साहेब वॉशिंग्टनला मदत मागायला गेले आणि हात हलवत परत आले. आम्ही गाड्यांना ब्रेकचे पार्ट पुरवणारे, त्यामुळे आमच्याकडे सगळे भेदरलेले. डगसुद्धा गप्प. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "डग, थँक्सगिव्हिंगला लायन्स जिंकणार. माझा शब्द."

लायन्स ही डेट्रॉइटची अमेरिकन फुटबॉलची टीम. यंदा दहा मॅच खेळली आणि दहाही हरली. हे मला नंतर कळलं.

डगने कप खाली ठेवून मला न्याहाळलं. मग म्हणाला, "प्रल्हाद, पुढच्या आठवड्यातल्या मॅचेसचा प्रिव्ह्यू लिहून पाठवशील मला? बुधवारपर्यंत?"

ही लीडरशिपची परीक्षा आहे, दुसरं काय! शेजारच्या क्यूबमधल्या राजेशला विचारलं का त्याने? नाही. राजेशला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. दिवसभर मान खाली घालून ब्रेकची रीडिंग्ज तपासतो. लेऑफमध्ये पहिला नंबर त्याचाच लागणार. वाईट वाटतं.

संकल्प: रोज फुटबॉलचा कडक अभ्यास. ब्रेक टेस्टिंगचा रिपोर्टही बुधवारीच द्यायचाय, पण तो काय, बसलो की झाला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

लायब्ररीतून पुस्तक आणलं. मुलांच्या सेक्शनमधलं आहे, पण चित्रं चांगली आहेत.

नियम सोपा. चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, त्यासाठी चार प्रयत्न. तीन फसले की चौथ्या वेळी हे लोक चेंडूला लाथ मारून तो स्वतःच समोरच्या टीमला देऊन टाकतात! हातात आलेली गोष्ट अशी द्यायची? मॅनेजमेंटची चूक आहे. प्रिव्ह्यूत घ्यायचा मुद्दा.

इशिता चौथीत आहे. तिला म्हटलं, बाबा लायन्सवर लिहिणार आहेत. ती म्हणाली, "बाबा, नोबडी पिक्स द लायन्स." म्हटलं, म्हणूनच. सगळे निवडतात ते निवडायला एक्सपर्ट कशाला लागतो? ती "व्हॉटेव्हर" म्हणून वर गेली. पटलेलं दिसतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

दुपारी लायन्सची मॅच. सुरुवातीलाच सतरा-शून्य. लायन्स सतरा! मी टीव्ही बंद केला. जाणकाराला एवढं पुरतं. नीलांबरीला, म्हणजे बायकोला, म्हणालो, बघ, मी डगला काय सांगितलं होतं? ती म्हणाली, मॅच संपू दे की. नंतर म्हणाली, रिपोर्टचं काय झालं? हिला मोठं चित्र दिसत नाही.

आनंदात मेथी आणायला गेलो. परत येईपर्यंत अडतीस-वीस. लायन्स वीस.

मी टीव्ही बंद करायला नको होता. माझ्या लक्ष असण्याचा मॅचवर परिणाम होतो, असं दिसतंय. सलग अकरावा पराभव. म्हणजे आता जिंकायची वेळ आणखीच जवळ आली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

फार महत्त्वाचा दिवस. डगने केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवरचे फोटो उतरवून ठेवले होते. बहुधा रंग देणार असावेत. खिडकीतली मनी प्लांटची कुंडी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हिला यापुढे तू पाणी घाल."

मला भरून आलं. सगळ्या टीममधून मला! कुंडी घेऊन मी मुद्दाम राजेशच्या क्यूबवरून लांबच्या रस्त्याने आलो.

शिवाय गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सहकुटुंब बोलावलंय. प्रमोशन अशाच ठिकाणी पक्कं होतं.

राजेश विचारत होता, रिपोर्ट कुठवर आलाय. म्हटलं, चालू आहे. डोक्यात चालू आहेच.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

रेडमंडला देवदत्तला फोन. कॉलेजपासूनचा मित्र. तिकडच्या सीहॉक्स टीमबद्दल विचारलं. म्हणाला, "अरे, आमचे गुरुवारी डॅलसमध्ये मार खाणार." देवदत्त पहिल्यापासून असाच. परीक्षेतही पेपर अवघड गेला म्हणायचा आणि पहिला यायचा. म्हणजे सीहॉक्स जिंकणार. इनसाइड इन्फर्मेशन!

संध्याकाळी रिपोर्टला बसलो. फाइल उघडली. तेवढ्यात टीव्हीवर जुन्या मॅचेस दाखवत होते. रिसर्च म्हणून बघितल्या.

बुधवार, २६ नोव्हेंबर

प्रिव्ह्यू पाठवला! थोडक्यात:

गुरुवारी लायन्स टेनेसीला हरवणार. टेनेसीने अकरांपैकी दहा मॅच जिंकल्यात, त्यामुळे ते थकले असणार. लायन्स त्या मानाने ताजे. सीहॉक्स जिंकणार, सूत्रांकडून. अॅरिझोना फिलाडेल्फियाला हरवणार, कारण वाळवंटातल्या माणसांना थंडीचं नावीन्य वाटेल आणि ती जोरात पळतील. रविवारी न्यूयॉर्कचे जेट्स, न्यू इंग्लंड, ग्रीन बे, बफेलो आणि वॉशिंग्टन. हे पाचही घरच्या मैदानावर आहेत. घरचं जेवण जेवून खेळणारा जिंकणारच. लाथ मारून चेंडू देऊन टाकण्याविरुद्धही एक परिच्छेद घातला.

पाच मिनिटांत डगचं उत्तर: "ग्रेट स्टफ!! यू आर शुअर अबाउट ऑल ऑफ देम?" म्हटलं, हंड्रेड पर्सेंट.

रिपोर्ट राहिला. चार वाजता राजेश क्यूबपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "प्रल्हाद, फाइल दे, मी करतो." आता माझ्या पुढेपुढे करायला लागलाय. मी वर जाणार हे त्याला कळलेलं दिसतं. दिली फाइल. माणसाला संधी द्यावी.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग.

डगच्या घरी. डग, त्याची बायको आणि बायकोचा भाऊ. हा भाऊ दांडगा, सोफ्यावर दीड माणसाची जागा. लायन्सची निळी जर्सी घालून आलेला. नीलांबरीने मेथीचे ठेपले नेले होते, ते टर्कीच्या आधी संपले.

मॅच. लायन्स दहा, टेनेसी सत्तेचाळीस.

मी शेवटपर्यंत सांगत होतो की लायन्स अजून मुसंडी मारतील. डगचं कौतुक वाटलं. स्वतःच्या गावाची टीम मार खातेय आणि हा माणूस टेनेसीच्या प्रत्येक टचडाउनला हसतोय. मेव्हणा मात्र पडेल चेहऱ्याने बसला होता. त्याच्यात डगसारखी लीडरशिप नाही.

स्वयंपाकघरात डगची बायको नीलांबरीच्या गळ्यात पडून रडत होती, असं इशिता म्हणाली. इथले लोक फुटबॉल फार मनाला लावून घेतात.

परत येताना गाडीत नीलांबरी म्हणाली, "अहो, ऐका ना, त्यांच्या घरी एक..." म्हटलं, थांब, रेडिओवर मॅचचं विश्लेषण चालू आहे. 

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सीहॉक्स हरले. अॅरिझोनाही हरलं. पहिल्या दिवशी तिन्ही चुकले. पण एक्सपर्टचं मूल्यमापन आठवड्याच्या शेवटी करायचं असतं.

देवदत्तला फोन केला. तो म्हणाला, "मी तेच तर सांगत होतो." यापुढे त्याला स्पष्ट बोलायला सांगणार.

सुट्टी. नीलांबरी दोनदा काहीतरी सांगायला आली. मी ग्रीन बेच्या टीमची माहिती वाचत होतो.

रविवार, ३० नोव्हेंबर

जेट्स हरले. बफेलो हरलं. ग्रीन बे अगदी थोडक्यात हरलं, ते मी अर्धं बरोबर धरतो. वॉशिंग्टन हरलं. न्यू इंग्लंड हरलं, तेही पावसात. पाऊस प्रिव्ह्यूत नव्हता, त्यामुळे ती मॅच बाद समजावी.

आठच्या आठ.

रात्रीच्या जेवणाला भूक नव्हती. इशिताने "इट्स ओके, बाबा" म्हणून डोक्यावर हात ठेवला. फार उद्धट झालीय.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. एचआरची बाई कागदावरून वाचत होती. आमच्या ग्रुपमधली काही माणसं कमी होणार. डगचा आजचा शेवटचा दिवस. त्याला हे तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं. आजपासून ग्रुप राजेश बघेल.

मी वळून कुठला तरी दुसरा राजेश आहे का पाहिलं. नव्हता.

मीटिंगनंतर राजेशने मला थांबवलं. मला वाटलं, आता मीही गेलो. तो म्हणाला, "रिपोर्ट बुधवारीच पाठवला. तुझंच नाव ठेवलंय. त्याच संध्याकाळी वर यादी केली ना, तेव्हा ज्यांचं काम पेंडिंग होतं ती नावं पहिली गेली." एवढं बोलून रीडिंग्ज बघायला निघून गेला. थँक्यू म्हणायचं माझ्या लक्षात आलं तोवर तो फोनवर होता.

डगचा खोका मी गाडीपर्यंत नेला. बाहेर बर्फ भुरभुरत होता. खोका डिकीत ठेवला. शेवटी म्हटलं, "सॉरी डग. प्रिव्ह्यू जरा चुकला."

डग हसायला लागला. गाडीच्या टपावर हात टेकून हसला. म्हणाला, "सॉरी? माझी मेव्हण्याशी दर थँक्सगिव्हिंगला याच मॅचेसवर पैज असते. नऊ वर्षं मी हरतोय. यंदा तू पाठवलेला प्रिव्ह्यू वाचला आणि प्रत्येक मॅचला तुझ्या उलट टीम घेतली. आठपैकी आठ! आता सगळा हिवाळा माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तो काढणार. प्रल्हाद, एकही बरोबर न येणं फार कठीण असतं. तुला ते कसं जमलं?"

म्हटलं, अभ्यास केला.

तो पुन्हा हसला. डोळे पुसले, ते हसण्यामुळेच असावेत. म्हणाला, "या महिन्यात घरी हसू आलं ते फक्त तुझ्या मेलमुळे." मिठी मारली आणि गेला. मी पार्किंग लॉटमध्ये बराच वेळ उभा होतो. कोट आतच राहिला होता.

घरी आलो. नीलांबरीला सगळं माहीत होतं, गुरुवारपासून.  पानं घेताना तिने फक्त विचारलं, डग जाताना काय म्हणाला?

सांगितलं, माझा प्रिव्ह्यू त्याला फार उपयोगी पडला.

यात एक अक्षर खोटं नाही.