दहा बोटांचा खुलासा

ती. अक्का यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तरी पूर्ण धरावा.) आपली प्रकृती उत्तम असावी, असं आपल्या पत्रातल्या भाषेवरून वाटतं. इतकं खणखणीत लिहायला अंगात ताकद लागते. साडूभाऊंचा गुडघा कसा आहे? परवा ते कामासाठी इकडे आले असता आमच्या गॅरेजच्या दारापर्यंत आले, मला लांबूनच पाहिलं, आणि मी "या, बसा" म्हणायच्या आत पाठ फिरवून चालू लागले, त्यावरून गुडघा बरा असावा. ज्या वेगाने बातमी आपल्यापर्यंत पोहोचली त्यावरून तर तो ठणठणीत झाला असावा. त्यांना माझा नमस्कार सांगावा, आणि पुढच्या वेळी निदान पाणी तरी पिऊन जावं अशी विनंती.

आपण विचारलंत की माझी धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली असताना तिचा नवरा नखांना चमकीचं नेलपॉलिश लावून गावभर हिंडतो, याला काय म्हणायचं. अक्का, प्रश्न रास्त आहे. मला इथेही सगळे तोच विचारतात, फक्त इतक्या सभ्य भाषेत विचारत नाहीत. बातमी खरी आहे. दहाही बोटांना आहे, दहा तऱ्हांचं आहे, आणि कशानेही निघत नाही. हे कसं घडलं ते सविस्तर लिहितो. आपण संतापी आहात हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे, पण अर्धं पत्र वाचून फाडू नये. खालचं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

औषधांनी हिचे केस गेले ते आपण मागच्या खेपेला पाहिलंतच. त्याचं तिने काही वाटून घेतलं नाही. डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाली, चला, तेलाची बाटली वाचली. तोंडाची चव गेली, नाकाला वास येईनासा झाला, तरी कुरकुर नाही (वास येत नाही म्हणून माझे गॅरेजचे कपडे प्रथमच घरात चालू लागले). पण मग नखं काळी पडायला लागली. आधी तपकिरी, मग आडव्या रेघा, मग जळक्या लाकडासारखी. आणि ही बाई गप्प झाली. आपल्याला वाटेल, नखांचं काय एवढं! मलाही तसंच वाटलं होतं. पण अक्का, हिची उभी हयात बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत गेली. त्या काचेला खाली अर्धगोल फट असते ना, तिच्यातून प्रवाशांना हिचं तोंड कधी धड दिसलं नाही. दिसले ते हात. आम्ही बाजारात जायचो तेव्हा तोंडावरून हिला कुणी ओळखत नसे, पण ही भाजी निवडायला लागली की शेजारचं माणूस दचकून म्हणायचं, अहो, तुम्ही खिडकीवरच्या बाई ना? सणासुदीला ती मुद्दाम चमकीचं लावायची. गर्दीत तासन् तास उभं राहून आलेल्या माणसाला फटीतून काहीतरी चमकलेलं दिसलं की बरं वाटतं, असं तिचं म्हणणं. (आपण एकदा तिला "या वयात हे चमचम कशाला गं" म्हणाला होतात. ती ते विसरली आहे. मी नाही.)

आता सण तोंडावर आला. खिडकीवरच्या सगळ्या बायका हिला भेटायला येणार, आपण येणार, घर भरणार. ही मला म्हणाली, मी आतल्या खोलीतच पडून राहीन, झोपलीय म्हणून सांगा. का, असं विचारलं तर तिने हात शालीखाली घेतले. खरं सांगतो अक्का, मला तिथेच रडू आलं. आणि मला रडू आलं की राग येतो, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. मी ओरडलो की आत-बित काही नाही, पुढच्या खोलीत खुर्चीत बसायचं, नेलपॉलिश मी आणतो. ती म्हणाली, चमकीचं आणा, पण खालचं नख दिसता कामा नये. ही अट ऐकायला सोपी आहे. ज्याने जन्मभर गाड्या रंगवल्या त्याला विचारा, ती किती अवघड आहे.

चमकी असते पारदर्शक. काळ्या पत्र्यावर नुसती चमकी मारली तर काळ्या पत्र्यावर चमकी दिसते, दुसरं काही नाही. खाली झाकणारा रंग लागतो, तो जाड झाला तर पापुद्रा सुटतो, पातळ झाला तर खालचं डोकावतं. हे सगळं मी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातल्या बाईंना शांतपणे समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणाच्या लग्नाला जायचंय? मी म्हटलं, लग्न नाही, खालचा थर खराब आहे. त्या जरा मागे सरकल्या. मी चमकीचे कण बारीक आहेत की भरड आहेत ते विचारलं, तर म्हणाल्या, काका, चमकी आहे ना, चमकते. मी एकेक बाटली कानाशी हलवून बघितली. एका बाटलीत छर्रे वाजले (रंग ढवळला जावा म्हणून आमच्या स्प्रेच्या डब्यातही असतात), तेव्हा परमुलखात घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण ट्यूबलाइटखाली रंग पसंत करणारा माणूस रंगारी नव्हे, म्हणून मी ती बाटली घेऊन उन्हात बघायला फुटपाथवर गेलो. माझ्यामागे रखवालदार आला. रखवालदाराच्या मागे दुकानातल्या बाई आल्या. मी तिघांच्या वतीने बाटली उन्हात धरली आणि म्हटलं, बघा, इथे हिरवट मारतेय की नाही? रखवालदार प्रामाणिक माणूस होता, तो म्हणाला, मारतेय. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्या दोघांचं पुढे काय झालं असेल याची मला अजून काळजी वाटते.

शेवटी त्या दुकानातून आणि पुढच्या दोन दुकानांतून मिळून पिशवीभर बाटल्या घेतल्या. आता आमच्या धंद्याचा एक नियम आहे, अक्का. गाडीवर पहिला हात मारायचा नाही. आधी नमुन्याच्या पत्र्यावर मारायचा, आणि नमुना गाडीसारखाच हवा. गंजक्या दाराचा नमुना कोऱ्या पत्र्यावर काढणारा बुडाला म्हणून समजा. म्हणजे मला काळवंडलेली, रेघा पडलेली नखं हवी होती. ती कुठे शोधायची? हात वर करून बघितले आणि मलाच हसू आलं. इतक्या वर्षांच्या रंगाने, थिनरने, पॉलिश पेपरने माझी नखं हिच्याहून काळी झालेली आहेत. आयुष्यभर ती मला हात धुवा, हात धुवा म्हणून ओरडली, पण या कामाला तेच न धुतलेले हात आले.

मग मी गॅरेजच्या मागच्या खोलीत बसून रीतसर काम केलं. अंगठ्याला राखाडी अस्तर आणि वर रुपेरी, तर्जनीला जांभळं आणि वर भरड चमकी (ही भयंकर दिसते, साडूभाऊंनी बहुधा हीच पाहिली), मधल्या बोटाला तांबूस, असं करत दोन्ही हात संपवले. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने रंगवताना जी तारांबळ उडाली ती लिहीत नाही. करंगळीला डाळिंबी अस्तर देऊन वर दोन हलके हात बारीक सोनेरी चमकीचे दिले, आणि अक्का, ती करंगळी उन्हात धरली तेव्हा खाली काळं नख आहे यावर माझाच विश्वास बसेना. इथे मी थांबायला हवं होतं. पण हाताची सवय! चमक टिकावी म्हणून गाडीवर शेवटी जे लॅकर मारतो, ते मी दहाही बोटांवर मारलं. ते खडखडीत वाळलं. आमचा डेंटर (पत्रे ठोकून सरळ करणारा) आत आला, माझ्या हातांवर वाकला, आणि म्हणाला, मास्तर, बोनेटवर एवढं मन लावलं असतंत तर डॉक्टरांची गाडी परत आली नसती.

घरी येऊन मी हिच्यापुढे दहाही बोटं पसरली. तिने चष्मा लावला, एकेक बोट धरून उलटंसुलटं करून पाहिलं आणि करंगळीवर थांबली. ही, म्हणाली. एवढंच म्हणाली, पण किती दिवसांनी तिने बोट दाखवून काहीतरी मागितलं होतं, ते मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी औषधाची पाळी होती. मी हौसेने करंगळीच्या रंगाच्या दोन्ही बाटल्या दवाखान्यात बरोबर नेल्या आणि सिस्टरना विचारलं, हे लावू ना? त्यांनी हिची नखं दाबून पाहिली. म्हणाल्या, नखं खालून सुटायला लागली आहेत, यांच्यावर सध्या काहीही लावायचं नाही, उघडीच राहू देत. शिवाय बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावतात, त्याला रंग चालत नाही. सिस्टर चांगल्या आहेत, त्यांनी हे हळूच सांगितलं. मग त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं आणि त्या म्हणाल्या, काका, तुम्हाला बाकी मनाई नाही. त्यांना बिचाऱ्यांना थट्टा करायची होती. पण हिने हात परत शालीखाली घेतले ते घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

आणि म्हणून अक्का, पिशवीभर बाटल्या कपाटात पडून आहेत, जिच्यासाठी आणल्या तिला लावता येत नाहीत, आणि ज्याच्या अंगावर नमुना काढला त्याच्या बोटांवरून लॅकर हटत नाही. रिमूव्हरने घासून झालं. ही रोज संध्याकाळी माझा हात मांडीवर घेते, कापूस भिजवते आणि एकेक नख घासत बसते, पण ढिम्म निघत नाही. गिऱ्हाईकं गाडीची किल्ली माझ्या हातात द्यायच्या ऐवजी टेबलावर ठेवतात. वाणी सुटे पैसे देताना वर बघत नाही. आपल्या बहिणीच्या दुखण्यात मी चैन करत नाही, एवढं यावरून लक्षात यावं. हा अपघात आहे. यात माझा दोष एवढाच की मी काम नको तितकं पक्कं केलं.

पत्र लांबलं, क्षमा असावी. आपला राग ओसरला असल्यास कळवावं, नसल्यास येताना सोबत घेऊन यावा, इथे त्याची सोय आहे. कळावे, आणि लोभ होता तेवढा तरी राहू द्यावा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. साडूभाऊंच्या स्कूटरचा मडगार्ड रंगवून तयार आहे. त्यात चमकी नाही, त्यांना निर्धास्त राहायला सांगा.

ता. क. वर लिहिलेल्यात एक गोष्ट खरी नाही. लॅकर थिनरने मिनिटभरात निघतं. गॅरेजमध्ये थिनरचा अख्खा डबा आहे. आणि हिच्या हातातल्या रिमूव्हरच्या बाटलीत मीच पाणी भरून ठेवलं आहे. नाकाला वास येत नसल्यामुळे तिला कळत नाही. झालं असं की दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी चहाचा कप पुढे केला. तिची नजर कपावरच्या माझ्या बोटांवर गेली, आणि ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. उठून बसली आणि म्हणाली, इकडे आणा ते हात, आणि कापूस घेऊन घासायला लागली. अक्का, घासताना तिचे हात शालीबाहेर असतात, आणि ते तिच्या ध्यानातही नसतं. मग मी थिनर कशाला आणू?

ता. क. आता मुख्य काम. सणाला आपण सगळ्यांच्या आधी या. आणि खिडकीवरच्या बायका आल्या की उशीर न करता, मोठ्या आवाजात, माझ्या नखांवर सुरू करा. "या वयात हे चमचम कशाला" हे वाक्य आपल्याकडे तयार आहेच, ते या वेळी मला म्हणा. गाढव म्हणा, नाटकी म्हणा, माझ्या आईवडिलांपर्यंत गेलात तरी चालेल. मी चहाचा ट्रे घेऊन सगळ्यांपुढून फिरणार आहे. कोणाची नजर हिच्या हातांकडे वळतेय असं दिसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. आपल्या जिभेची सगळे धास्ती घेतात, मीही घेतली आहे, पण आज मला तिच्याइतका दुसऱ्या कशाचा आधार नाही. ही आत झोपणार नाही. काल कापूस पिळता पिळता म्हणाली, अक्का तुमची कशी खरडपट्टी काढते ते बघायला तरी मी पुढच्या खोलीत बसणारच. तेव्हा अक्का, हातचं राखून बोलू नका.