चिठ्ठीबाहेरचा शब्द

ता. ४ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या भावोजींचा हात आता पहिल्यासारखा चालतो. मेंदूभोवती साचलेलं रक्त गेलं, पण जाताना शब्द घेऊन गेलं. मला हाक मारताना 'शिडी' म्हणतात; मीही निमूट ओ देते. समोर लिहिलेलं मात्र हुबेहूब उतरवतात, म्हणून त्यांना पुन्हा पाट्या रंगवायला बसवलं. पहिलं काम दातांच्या डॉक्टरांचं. त्यांच्या चिठ्ठीत रंगवायचं काय आणि सूचना कुठली, हे पूर्वी सांगावं लागलं नसतं. या खेपेला दवाखान्यावर झोकदार अक्षरांत सगळंच उतरलं: 'दातांचा दवाखाना. लाल रंग नको, पेशंट घाबरतात.' डॉक्टर भले माणूस. म्हणाले राहू दे, लोक हसत आत येतात.

मला हसू येत नाही रे. स्पीच थेरपीच्या बाई म्हणतात, स्वतःचा एक शब्द लिहिला की पुढची वाट मोकळी होईल. तोच येत नाही. सराव म्हणून आता त्यांना तुला पत्र लिहायला लावते.

तुझी माया अशीच राहू दे.
ताई

ता. १९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

भावोजींचं पत्र पोचलं. अक्षर असं की दारावर लावावं. मजकूर असा: 'माझी बायको गुणांची खाण आहे. तिच्यासारखी शोधून सापडणार नाही. आता चष्मा पुसा आणि खाली सही करा.' ताई, चिठ्ठी कोणाची हे ओळखायला मला चष्मा लागला नाही. स्वतःची तारीफ जरा हात राखून करत जा. आणि एकदा त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवून बघ.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
भाऊ

ता. ७ जुलै

चि. भाऊस अ. आ.

तुझं ऐकून आठ दिवस कोरा कागद ठेवला. त्यांनी चारी बाजूंनी सुरेख वेलबुट्टी काढली, मधे काही नाही. मी चिडले, घाबरले, नको ते बोलले. काल शेवटी हात टेकले आणि पुन्हा चिठ्ठी दिली: 'माझी बायको फार शांत स्वभावाची आहे.' त्यांनी ती नेहमीसारखी उतरवली. मग बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले, शेवटचा शब्द खोडला आणि शेजारी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'नाही'.

चिठ्ठीत नसलेला पहिला शब्द. मी रडत सुटले, ते हसत बसले. कागद सोबत पाठवतेय; बघून लगेच परत कर, बाईंना दाखवायचाय. उद्यापासून रोज चिठ्ठीत माझ्याबद्दल एक थाप लिहिणार आहे.

आम्हा दोघांवर जीव असू दे.
ताई